पोटदुखीचं नॉर्वेजियन

नॉर्वेजियन भाषा मुळीच अवघड नाही. मी ती सहा महिन्यांत के अक्षरापर्यंत शिकलो!

हसू नका. तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येतं. पण कुठलंही काम हातात आलं की ते आधी अक्षरवारी लावायचं, ही सवय माझ्या हाडात मुरलेली आहे. तेव्हा नॉर्वेजियनही मी तशीच लावली. शब्दकोश मागवला, ए पासून सुरुवात केली, रोज दहा शब्द, खाली लाल शाईची रेघ. जानेवारी संपता संपता मी के ला पोचलो. वकील, आयातकर, अग्निशामक यंत्र... हे सगळं मी नॉर्वेजियनमध्ये धडाधड म्हणू शकत होतो.

"अहो, पाच वर्षांच्या पोरीशी तुम्ही अग्निशामक यंत्राबद्दल बोलणार?" प्रतिभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"सुरुवात तरी होईल!" मी म्हणालो.

ती पाच वर्षांची पोरगी म्हणजे माझी नात, तूवा. आमचा ज्ञानेश नोकरीसाठी नॉर्वेला गेला आणि तिथलाच झाला. सून मारित तिकडे एका बालवाडीत बाई आहे. तूवा जन्मल्यापासून मी तिला फक्त मोबाइलच्या काचेत बघत आलो होतो. ती यायची, हात हलवायची आणि पळून जायची. मी इकडे नाशकात "तूवा! अगं तूवा!" करत काचेशी बोलत बसायचो. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही, मग पोर थांबणार तरी कशाला? म्हणून म्हटलं, आपणच के पर्यंत तरी जाऊ.

आणि ती येणार होती! पहिल्यांदाच! रविवारी दुपारी पोचून शुक्रवारी दुपारी परत. पाच वर्षांच्या बदल्यात पाच दिवस. मला त्यात एकच गोष्ट हवी होती. तिनं आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसावं आणि मला 'फारफार' म्हणावं. तिकडे बापाच्या बापाला फारफार म्हणतात.

तयारी मी जातीनं केली. मागच्या खोलीला गुलाबी रंग दिला, छताला चांदण्या चिकटवल्या, सुताराकडून बुटका पलंग करून घेतला. तूवाला द्राक्षं फार आवडतात असं ज्ञानेशनं सांगितलं होतं, म्हणून शनिवारी दिंडोरीला कारभारीच्या बागेत गेलो. कारभारी माझा जुना मित्र.

"नाना, माल बघूनच घ्या," तो म्हणाला.

मी बघून घेतला. पण द्राक्ष काय डोळ्यांनी बघतात? प्रत्येक घडाचा एक मणी तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे, विचार करायचा आणि मग घड क्रेटमध्ये ठेवायचा किंवा नाही ठेवायचा. माझ्या नातीच्या तोंडात आंबट मणी जाता कामा नये! सकाळी सुरू केलेली तपासणी दुपार टळली तरी चालूच होती.

"नाना, आवो धुऊन तरी खा!" कारभारी ओरडत होता. "लय झालं! पोट हाय का गोदाम?"

पण कर्तव्यापुढे मी कुणाचं ऐकत नाही.

रविवारी दुपारी गाडी दारात थांबली. प्रतिभानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीच्या डोळ्यांना पाणी लावलं. तूवा आईच्या पायामागे लपली होती. नुसते दोन निळे डोळे आणि ज्ञानेशच्या लहानपणचं नाक! मी पुढे होऊन पाठ केलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. मारित थक्क झाली, तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले. मी ज्ञानेशला तिथेच सांगून टाकलं, "या पाच दिवसांत दुभाषा म्हणून तुझी गरज नाही. तू बॅगा काढ."

आत आलो. टेबलावर द्राक्षांची परात होती. मी सगळ्यात देखणा घड उचलला आणि खुर्चीवर बसून नुसता पुढे धरला.  तूवानं आईचा पाय सोडला. एक पाऊल. थांबली. अजून एक पाऊल. प्रतिभानं तर श्वासच रोखला होता. पोरीनं हात पुढे केला, तिची बोटं घडापासून वीतभर राहिली आणि माझ्या पोटात कळ आली.

ती कळ तुम्हालाही माहीत आहे. ती आली की माणूस वाट बघू शकत नाही. मी घड परातीत टाकला आणि धावलो. मागे वळून पाहिलं तेव्हा पोरीचा हात तसाच पुढे होता.

आत बसल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. बाहेर जाऊन सांगायचं काय? न सांगता उठलो, हा पोरीचा अपमान. मराठीत सांगून उपयोग नाही. ज्ञानेश बॅगा काढतोय, आणि दुभाषाची गरज नाही असं मीच दोन मिनिटांपूर्वी जाहीर केलेलं! सुदैवानं मोबाइल खिशात होता. त्यात इंग्रजी शब्द टाकला की नॉर्वेजियन शब्द निघतो, वर मोबाइल तो मोठ्यानं म्हणूनही दाखवतो.

आधी 'लूज मोशन' टाइप केलं आणि लगेच खोडलं. सासऱ्यानं सुनेसमोर, तेही पहिल्याच दिवशी, असला शब्द काढायचा? आमच्या घरात ते होणार नाही. मग 'इनडायजेशन' टाकलं. त्याचा जो नॉर्वेजियन शब्द आला तो इतका लांब होता की शब्दालाच अपचन झालंय असं वाटलं. शिवाय अपचन म्हटलं की बोट प्रतिभाच्या स्वयंपाकाकडे जाणार, आणि ती तर तीन दिवस राबलेली. 'फूड पॉयझनिंग'? छे, त्यात पोलिसात गेल्यासारखं वाटतं. 'ॲसिडिटी'? त्याचं उत्तर आलं ते लिंबाला म्हणावं तसं नुसतं आंबट.

आणि मग मला माझा जुना शब्द आठवला.

आमच्या कचेरीत भिकन नावाचा शिपाई होता. एकदा त्यानं रजेचा अर्ज दिला, 'मेव्हणीच्या पोराचं जावळ आहे, सबब दोन दिवस रजा मिळावी.' साहेबांनी फटकन नामंजूर केला. भिकन रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी तो कागद फाडला, नवा घेतला आणि त्यावर लिहिलं, 'अक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस.' पाच मिनिटांत मंजूर! साहेबांना तो शब्द धड वाचताही आला नाही, आणि जो आजार वाचता येत नाही त्यापुढे कुठलाही साहेब नमतो. तेव्हापासून अख्ख्या कचेरीचे रजेचे अर्ज माझ्याकडे येऊ लागले. मी सगळ्यांना एकच नियम सांगायचो, खरं कारण लिहिलं की रजा नामंजूर! पोट बिघडलं असं कधी लिहू नये. स्वच्छ, सभ्य, सरकारमान्य शब्द लिहावा.

तोच शब्द मी मोबाइलात टाकला, पुढे 'अक्यूट' लावायला विसरलो नाही. उत्तर आलं, 'अक्यूट ओमगांगस्यूके.'

वा! काय भारदस्त शब्द! ओ अक्षराचा असल्यामुळे माझ्या अभ्यासात अजून आला नव्हता. मी तो मोबाइलच्या मागोमाग चार वेळा घोकला, हात धुतले, दारात ताठ उभा राहिलो आणि मारितकडे पाहून खणखणीत आवाजात म्हणालो, "अक्यूट ओमगांगस्यूके!"

मारितच्या हातातला चमचा खाली पडला. क्षणात तिनं तूवाला उचललं, चार पावलं मागे सरकली, द्राक्षांची परात टेबलाच्या टोकाला ढकलली आणि ज्ञानेशला अशी हाक मारली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

पाचव्या मिनिटाला मी मागच्या गुलाबी खोलीत होतो आणि दाराला बाहेरून कडी होती. त्याच खोलीला जोडून संडास होता, म्हणून ती निवडली. बुटक्या पलंगावरून माझे पाय गुडघ्यापासून खाली लोंबत होते. वर चांदण्या.

"ज्ञानेश, हा काय प्रकार आहे?" मी दाराआडून ओरडलो.

"नाना, तुम्ही काय बोललात ते तुम्हाला तरी माहीत आहे का? ओमगांगस्यूके म्हणजे उलट्या-जुलाबांची साथ! एका पोराला झाली की अख्खी बालवाडी आडवी होते. मारितसाठी तो शब्द म्हणजे आगीची घंटा आहे. तिकडे नियमच आहे, शेवटचा त्रास झाल्यापासून अठ्ठेचाळीस तास त्या माणसानं पोरांच्या जवळ जायचं नाही."

"अठ्ठेचाळीस तास! अरे, मला नुसता द्राक्षांचा गॅस झालाय! सांग तिला."

तो सांगून परत आला. "ती म्हणते, सगळे असंच म्हणतात. आणि नाना, तुम्ही स्वतः अक्यूट म्हणालात. तुमचे उच्चार फार स्वच्छ आहेत म्हणाली."

सहा महिन्यांच्या अभ्यासात मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

रविवार संध्याकाळपर्यंत दोनदा उठावं लागलं. मग पोट शांत झालं. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सुटका. सोमवार मी मुकाट्यानं काढला. खिडकीच्या गजांतून अंगण दिसायचं. तूवा अंगणात प्रतिभाबरोबर रांगोळीचे ठिपके काढत होती. प्रतिभाच्या मांडीवर बसून! तिला नॉर्वेजियनचं एक अक्षर येत नाही, बरं का. ती पोरीशी सरळ मराठीत बोलत होती आणि पोरगी तिकडच्या भाषेत उत्तरं देत होती. दोघींचं अगदी छान चाललं होतं. मला मेलीचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, रडू आलं.

पण आपल्याकडे माणूस आजारी पडला आणि कुणाला कळलं नाही असं कधी होतं का? मंगळवारी सकाळी मखमलाबादहून माझी थोरली बहीण, चंद्रभागाआक्का, फाटकातूनच रडत आली.

"सोमा रे! तुला पटकी झाली म्हनं!"

मारित दारात सॅनिटायझरची बाटली घेऊन पहाऱ्यावर होती. तिनं नम्रपणे आक्काच्या तळहातावर दोन थेंब टाकले. आक्कानं डोळे मिटले, हात कपाळाला लावला आणि तीर्थ समजून तो ओठांकडे नेला! प्रतिभानं झडप घालून हात धरला म्हणून बरं. मग आक्कानं ते डोक्याला पुसलं आणि मारितच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "लय गुनाची सून हाये."

नियमाप्रमाणे तिला आत सोडणं शक्य नव्हतं. ती मागून खिडकीशी आली आणि गजांतून एक तांब्या आत सरकवला.

"काढा हाये. येका दमात पी. समदं पोट साफ व्हतं."

"आक्का, माझं पोट बरं आहे!"

"थोरलीचं आयकायचं नाय का आता?"

थोरल्या बहिणीपुढे हेडक्लार्कचं चालत नाही. प्यायलो.

ती जाते न जाते तोच भिकन आला, हातात शहाळी घेऊन. तोच शिपाई भिकन, आता तोही रिटायर. हॉलमध्ये ज्ञानेशनं त्याला 'अक्यूट गॅस्ट्रो' असं आजाराचं नाव सांगितलं मात्र, तो खो खो हसत सुटला. खिडकीशी येऊन डोळा मारून म्हणाला, "साहेब, आता रिटायर झाल्यावर कशाची रजा काढली? कुनाचं जावळ हाये?"

"भिकन, हळू बोल!"

पण ज्ञानेश त्याच्या मागेच उभा होता. भिकननं त्याला रजेच्या अर्जांची सगळी कथा कौतुकानं, हातवारे करून ऐकवली. मला आशा वाटली. चला, सुटलो! सत्य बाहेर आलं. ज्ञानेशनं सगळं जाऊन मारितला सांगितलं.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"नाना, ती म्हणते, कामावरून रजा मिळावी म्हणून माणूस आजार वाढवून सांगतो, हे मी समजू शकते. पण नानांना तूवापासून रजा कशाला हवी होती?"

 पाच वर्षं ज्या पोरीसाठी काचेला डोळे लावून बसलो, तिच्यापासून मला रजा हवी होती? मी खिडकीचे गज धरले. अंगणात मारित उभी होती, तिचे डोळे भरलेले, आणि तिच्या हाताला धरून तूवा माझ्याकडे बघत होती. पोरांना भाषा कळो न कळो, आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे बरोबर कळतं. मी सगळा जीव गोळा केला. ए पासून के पर्यंत जेवढे शब्द होते त्यांतला एक तरी उपयोगी पडेल म्हणून तोंड उघडलं...

आणि आक्काचा काढा लागू पडला!

मी जो धावलो, जो धावलो! दार आपटलं. पुढचा अर्धा तास अख्ख्या घरानं काय काय ऐकलं असेल याचा विचार मी अजून करत नाही. बाहेर आलो तेव्हा मारित खिडकीपाशी आली होती. चेहरा उजळलेला, डोळे पुसलेले.

"नाना, ती खूप खूश आहे," ज्ञानेश म्हणाला. "म्हणते, आजार खरा आहे! तुमच्याबद्दल उगाच मनात आणलं, माफ करा म्हणते. आता अठ्ठेचाळीस तास पुन्हा पहिल्यापासून."

बुधवारी दुपारी सगळं घर जेवून कलंडलं होतं. दारावर टकटक झाली. खूप खालून. मी उठून दाराशी गेलो. बाहेरून बारीक आवाज आला, "फारफार?"

सहा महिने ज्या शब्दासाठी थांबलो होतो तो असा बंद दाराआडून आला.

"हां, तूवा! हां!"

"वुन्त ई मागेन?"

मला कळलं नाही. माझी शब्दांची वही उघडली. व्ही म्हणजे केच्या कितीतरी पुढे! एम सुद्धा पुढे! तिनं पुन्हा विचारलं, मग ढ पोराला विचारावं तसं अगदी सावकाश.  बाहेर काहीतरी सरकलं. मी वाकून पाहिलं, मग गुडघे टेकले, मग चौसष्टाव्या वर्षी फरशीवर पालथा झालो आणि दाराखालच्या फटीला डोळा लावला. पलीकडे तीही आडवी पडली होती. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं, तोंड वाकडं केलं आणि परत विचारलं, "वुन्त ई मागेन?"

अरे! पोट दुखतंय का?

एवढं साधं होतं ते! लूज मोशन नाही, ॲसिडिटी नाही, गॅस्ट्रो तर नाहीच. तिच्या भाषेत तीन शब्द, आपल्या भाषेत दोन. मी उगाच मोठ्या साहेबाला अर्ज लिहीत बसलो होतो.

"पोट दुखतंय," मी फटीतून म्हणालो.

"पोत दुक्तंय," ती म्हणाली आणि तिनं फटीतून एक कागद आत सरकवला. त्यावर एक टकला माणूस होता, त्याचं पोट घागरीएवढं, आणि पोटात नुसते हिरवे गोळे भरलेले. द्राक्षं! अख्ख्या घरात अचूक निदान त्या पोरीनंच केलं होतं.

गुरुवारी सकाळी कडी निघाली. मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. या वेळी हातात घड घेतला नाही, भीतीच वाटत होती. तूवा आली, माझ्या पोटावर हात ठेवून तिनं ते नीट तपासलं आणि मग, जसं काही रोजचंच असावं तशी, मांडीवर चढून बसली. तिचं वजन किती होतं म्हणून सांगू? मला तर आजवर मोबाइलएवढंच माहीत होतं.

दिवसभर ती उतरली नाही. मी तिला भिकनची गोष्ट करून दाखवली. भिकनला जायचंय, साहेब म्हणतो नाही. मग भिकन पोट धरतो, डोळे फिरवतो आणि म्हणतो, 'अक्यूट ओमगांगस्यूके!' साहेब म्हणतो, जा! भिकन टुणटुण उड्या मारत जातो. पोरगी हसून हसून लोळायची आणि 'पुन्हा' म्हणायची. चक्क मराठीत, 'पुन्ना!' मी अकरा वेळा भिकन झालो.

शुक्रवारी दुपारी गाडी दारात आली. ज्ञानेश बॅगा ठेवत होता. प्रतिभा दह्याची वाटी घेऊन उभी होती, प्रत्येकाच्या हातावर दही घालायला. आणि तूवा हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी पोट धरलं, डोळे फिरवले, हुबेहूब भिकन! खणखणीत आवाजात म्हणाली, "अक्यूट ओमगांगस्यूके!"

 मग एकेकाची मान वळली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पंख्याकडे पाहिलं.

मारितनं पोरीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं मऊ आवाजात विचारलं, कुठे दुखतंय? एवढं नॉर्वेजियन आता मलाही कळत होतं.

तूवानं विचार केला. तिनं पोट सोडलं, हात वर उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"फारफार," ती म्हणाली.

मारितनं तिला छातीशी धरलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि तसंच उचलून गाडीत नेऊन बसवलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मागच्या काचेत तिचा हात हलत होता.

अर्ज पोरीनं उत्तम केला होता, बरं का. शब्द बरोबर, अभिनय चोख. फक्त शेवटी चुकली. खरं कारण सांगून बसली, आणि खरं कारण सांगितलं की रजा नामंजूर, हे मी तिला शिकवायचंच विसरलो.